तलासरीत रेल्वे नाही

रेल्वे क्वार्टर्स, डहाणू रोड
जून २०१९, शनिवार

प्रिय योगिता,

हे पाकीट बघून तुला आधी वाटेल की चुकून आपल्याकडे आलं. चुकून नाही आलेलं. दोन वर्षं एका वर्गात काढूनही माझ्याकडे तुझा मोबाईल नंबर नाही, कारण मी कधी मागितला नाही आणि तू कधी दिला नाहीस. आपल्या वर्गातल्या शितलकडे मागितला तर म्हणाली, योगिताचा फोन महिनाभर बंदच आहे. मग म्हटलं, कागद घ्यावा. माझी आई तलासरीच्या पंचायत समितीत आहे, एवढं तुला माहीत असेल. तुमच्या पाड्यावर येणारे ग्रामसेवक चिमणभाऊ सोमवारी पुन्हा तिकडे जाणार आहेत, त्यांच्या पिशवीतून हे तुझ्यापर्यंत पोचेल. पुण्याच्या कॉलेजच्या दुसऱ्या यादीत तुझं नाव लागलं, हे त्यांनी तुला परवा सांगितलंच आहे. मनापासून अभिनंदन! माझ्या नावाचं काय झालं तेही सांगते, पण जरा थांब. आधी मला तुला एक गोष्ट विचारायची आहे. मला प्रश्न पडला की मी घरादाराला सुखाने जेवू देत नाही, असं आई म्हणते. हा प्रश्न मार्चपासून पडलाय, तेव्हा घरच्यांचे हाल तूच समजून घे.

प्रश्न असा की, फिजिक्सच्या पेपरला तू परत आत का आलीस?

लगेच उत्तर देऊ नकोस. आधी माझी बाजू ऐक, कारण मी बाहेर का पळाले नाही हे तू अजून माझ्या तोंडून ऐकलेलंच नाहीस. तुला काय, सगळ्या वर्गाला वाटलं असेल की रश्मीला मार्कांची एवढी हाव, जमीन फाटली तरी पेन खाली ठेवणार नाही. शितलने मला तसं तोंडावर सांगितलं. मार्कांची हाव होतीच, खोटं कशाला बोलू. पुण्याच्या त्या कॉलेजचा कट-ऑफ मी अकरावीपासून पाठ केला होता. हिवाळ्यातल्या चाचणीला घसरले, पूर्वपरीक्षेला आणखी घसरले. भूकंपाच्या धक्क्यांमुळे वर्ग मैदानात आंब्याखाली भरायचे आणि फळ्यावरचं अर्धं दिसायचंच नाही, असं मी घरी सांगायचे. पण तूही त्याच आंब्याखाली बसायचीस आणि तुझे मार्क वाढत होते. ते मी शितलकडून काढून घ्यायचे. घरी गेल्यावर आईचा पहिला प्रश्न असायचा की तुला किती, आणि दुसरा, त्या योगिताला किती.

तर आमचं घर. तू कधी आली नाहीस म्हणून सांगते. बाबा डहाणू रोडला पॉइंट्समन आहेत, म्हणजे गाड्यांचे रूळ बदलतात, आणि आमची क्वार्टर रुळांना एवढी खेटून आहे की आमच्याकडे ताटं मांडणीवर ठेवताना मध्ये फडकं घालतात, नाहीतर दिवसभर खणखणत राहतात. माझा जन्म इथलाच. गुजरातकडे जाणाऱ्या मालगाड्या, राजधानी, मेमू, सगळ्या आमच्या भिंतीतून जातात म्हण ना. पाहुणे आले की पहिल्या रात्री उठून बसतात आणि आम्ही कूस बदलतो. नोव्हेंबरात पहिला मोठा धक्का बसला तेव्हा शेजारचे सगळे अंगणात आले. आमचे बाबा घड्याळाकडे बघून म्हणाले, मालगाडी आज लेट दिसते. आम्ही तिघंही जेवत राहिलो. दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या मेडिकलवाल्या काकांनी आईला सांगितलं, बेन, काल धरतीकंप हता. तेव्हा कुठे आम्हाला कळलं. आई दिवसभर बाबांवर चिडलेली होती.

आई मला रोज सोबत एसटीने तलासरीला आणायची आणि ऑफिस सुटलं की सोबत घेऊन जायची. त्यामुळे हिवाळाभर तुम्ही पाड्यांवरच्या मुली ज्या गोष्टी बोलत होता त्या मी फक्त कानावर पडतील तेवढ्याच ऐकल्या. आधी जमिनीखालून तोफेसारखा आवाज येतो आणि मग हलतं, हे तू एकदा भूगोलाच्या सरांना सांगत होतीस. तुमच्या घराची मागची भिंत फाटली आणि तुम्ही सगळे ताडपत्रीखाली झोपता, हेही. मला तेव्हा उठून तुझ्याजवळ यावंसं वाटलं होतं. तो आवाज किती वेळ आधी येतो, कुठल्या दिशेने येतो, कोंबड्यांना खरंच आधी कळतं का, तुझी आजी म्हणते की धरती कूस बदलते तर ती कुठल्या कुशीवरून कुठल्या कुशीवर, असं शंभर विचारायचं होतं. पण ज्या मुलीपेक्षा आपल्याला सात मार्क कमी आहेत तिला कोंबड्यांबद्दल कसं विचारायचं? शाळेत धक्का बसला की मला स्वतःला काही कळायचं नाही. तुम्ही पळालात की मी पळायचे. कायम शेवटची. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण शेवटी कुणीतरी असतंच.

आता पेपरचा दिवस. तू दाराजवळच्या बाकावर, मी खिडकीकडच्या कोपऱ्यात शेवटी. मी ध्वनीच्या गणितात पार बुडाले होते. पायाखाली थरथरलं. ते मला जाणवलं होतं, योगिता, हेच कुणाला पटत नाही. जाणवलं, आणि डोकं वर न काढता मनात म्हटलं, गाडी. मग बाकं सरकली, चपला वाजल्या, कुणीतरी ओरडलं, धावाधाव झाली. तेही ऐकलं. पण गाडी आली की माणसं धावतात, सामान ओढतात, एकमेकांना हाका मारतात, हे माझे कान जन्मापासून ऐकत आलेत. थरथर आणि मागोमाग धावपळ. माझ्या हिशेबात सगळं बरोबर जुळत होतं. मी आपली लिहीत राहिले.

पुढचं तुला माहीत आहे. तू येऊन माझा दंड धरलास आणि ओरडलीस, ए, बसलीस काय गं, जमीन हालते! मी वर बघितलं तर वर्ग रिकामा, सगळ्यांचे पेपर बाकांवर पसरलेले, फळ्याच्या बाजूचं प्लास्टर खाली आणि तू धुळीने पांढरी. मला आधी भीती नाही वाटली. आधी वाटलं, ही माझ्याशी बोलतेय? मग तू मला ओढत दारापर्यंत नेलंस आणि दारात भरारी पथकाच्या बाई उभ्या. त्यांचीही काय चूक म्हणा. जीप थांबवून आत येतात तर पर्यवेक्षक बाहेर, सगळा वर्ग बाहेर, आणि आत दोन मुली, दोघी वर्गात पुढे असणाऱ्या, आणि भोवती सगळ्यांच्या उत्तरपत्रिका उघड्या. बाहेर पळालेल्यांना वेळ वाढवून दिला. तो वेळ आपण दोघींनी ऑफिसात जबाब लिहिण्यात घालवला. माझी सही मलाच ओळखता आली नाही. तू मात्र सरळ लिहिलंस, घडी घालून दिलंस आणि परत जाऊन उरलेल्या वेळात पेपर पुरा केलास. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस.

परीक्षा संपल्यावर मी तुला एकदाच बघितलं, विवळवेढ्याच्या जत्रेत. तू आजीला घेऊन सुक्या मासळीच्या दुकानात भाव करत होतीस. मी समोर बांगड्यांच्या दुकानात होते. येऊन बोलायचं होतं, पण काय बोलणार? माझ्यामुळे तुझाही पेपर वेगळा काढला होता. मी बांगड्यावालीच्या मागे जाऊन उभी राहिले आणि ती मला पिवळ्या बांगड्या विकेपर्यंत तिथेच राहिले. मला पिवळा रंग आवडत नाही.

निकालाच्या दिवशी आपल्या दोघींच्या नावापुढे मार्कांऐवजी निकाल राखीव असं आलं. आईने दिवसभर चूल पेटवली नाही. बाबांनी वडापाव आणले आणि तेही कुणी खाल्ले नाहीत. पुण्याच्या कॉलेजचा फॉर्म भरायची मुदत चालू होती आणि मार्कांच्या रकान्यात भरायला आमच्याकडे काही नव्हतं. तुमच्याकडेही नसणारच. मला आतापर्यंत कमी मार्कांची भीती वाटायची, म्हणजे कमी असले तरी ते असणार हे मी धरूनच चालले होते. अजिबात मार्कच नसणं ही गोष्ट मला नवीन होती. आणि खरं सांगू का, त्या दिवशी मी पहिल्यांदाच तुला किती हे विचारलं नाही.

वाशीला बोर्डाच्या ऑफिसात सुनावणीला तुला आदल्या दिवशी बोलावलं होतं, मला दुसऱ्या दिवशी. टेबलापलीकडे तिघं होते, दोन सर आणि एक मॅडम. सरांनी विचारलं, सगळे पळाले, तू का नाही? मी म्हटलं, मला वाटलं गाडी आली. ते म्हणाले, तलासरीत रेल्वे आहे? मी म्हटलं, नाही. दुसऱ्या सरांनी पुन्हा विचारलं, जरा सावकाश, जणू मी लहान आहे, बाळ, तलासरीत रेल्वे नाही ना? मी पुन्हा म्हटलं, नाही सर. मला माझंच हसू येत होतं आणि रडूही येत होतं. मग मॅडमनी बाहेर बसलेल्या बाबांना बोलावलं. बाबांनी टोपी काढली, नसलेली धूळ झटकली आणि म्हणाले, साहेब, आमच्या पोरीच्या पायाखाली जन्मापासून जमीन हलतेच आहे. हलायची थांबली तर ती घाबरेल. मग त्यांनी मालगाडी लेट असल्याची गोष्टही सांगून टाकली. आई बरोबर असती तर पायावर पाय दिला असता. तिघंही हसले, पण हसणं म्हणजे निकाल नव्हे.

मग मॅडमनी माझी उत्तरपत्रिका काढली. आजूबाजूच्या मुलींच्याही काढल्या होत्या. मला माझं ध्वनीचं गणित दाखवून म्हणाल्या, इथे वर्गमूळ काढायचं राहिलंय तुझं. तुझ्या पुढच्या बाकावर बरोबर उत्तर आहे, बाजूच्या बाकावरही बरोबर आहे. मग सरांकडे वळून म्हणाल्या, उघडे पडलेले पेपर बघून हिने चूक उतरवली म्हणायचं का? सरांनी माझा पेपर मिटला. योगिता, मी ज्या धांदरटपणासाठी दोन वर्षं बोलणी खाल्ली त्याच धांदरटपणाने मी सुटले. माझे त्या गणिताचे मार्क गेलेच. पण तेवढं एक गणित बरोबर आलं असतं तर मला बहुतेक चोर ठरवलं असतं. यावर मी किती विचार केलाय, तुला सांगून खरं वाटणार नाही.

सुनावणी संपली असं मला वाटलं तेव्हा मॅडमनी आणखी एक कागद काढला, तू पेपरच्या दिवशी लिहिलेला. म्हणाल्या, हिला आम्ही काल पुष्कळ विचारलं, पण ही एवढंच लिहिते आणि एवढंच बोलते. आणि त्यांनी वाचून दाखवलं. माझी मैत्रीण आत होती म्हणून मी परत गेले. संपलं. खाली सही.

मला वाटलं, त्यांनी दुसऱ्याच कुणाचा कागद वाचला. तुझी मैत्रीण कोण आत होती? मी होते. आपण दोन वर्षांत किती वेळा बोललो असू? एकदा प्रयोगशाळेत तू मला मीटर ब्रिजची वायर दिलीस, एकदा मी तुला विचारलं की सर आलेत का. आणि मला आता हे कळेना की तू ते पथकाच्या बाईंपासून सुटण्यासाठी लिहिलंस, की तुला खरंच तसं वाटत होतं. येताना गाडीत मी बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, बाळा, भिंत फाटताना जिने घरातून बाहेर उड्या मारल्यात ती मुलगी पेपरासाठी परत आत येते का? मार्क मोजायचे सोड आता. पण मी मोजत नव्हते. मला फक्त समजून घ्यायचं होतं. माझ्यावर काही पडलं नाही. तू आली नसतीस तरी मी त्या कोपऱ्यात धडधाकट बसून चुकीचं उत्तर लिहीत राहिले असते आणि तुझा निकाल कुणी अडवला नसता. हे तुला तेव्हा कुठे माहीत होतं म्हणा. तू दारात होतीस, बाहेर पडलीही होतीस, आणि मग मोजलंस की एक कमी आहे. तू सगळ्यांना मोजलंस की फक्त मला शोधलंस? शितल परवा म्हणाली की तूही तिच्याकडून माझे मार्क काढून घ्यायचीस. हे ऐकून मला जो काही आनंद झाला तो सांगण्यासारखा नाही.

हल्ली मी एक उद्योग करते. संध्याकाळी क्वार्टरच्या पायरीवर डोळे मिटून बसते आणि थरथरलं की सांगते, गाडी की धक्का. बाबा ड्युटीवर नसतील तेव्हा वेळापत्रक बघून बरोबर की चूक ते सांगतात. आधी सगळं गाडीच वाटायचं. आता कळायला लागलंय. गाडी लांबून येते, वाढते आणि जाते. धक्का येतच नाही कुठून, एकदम खालीच असतो, आणि गेला तरी काही गेल्यासारखं वाटत नाही. तो तोफेसारखा आवाज मात्र मी अजून ऐकलेला नाही. हैदराबादकडचे शास्त्रज्ञ तुमच्या बाजूला कुठेतरी यंत्र बसवून गेलेत, असं आई म्हणाली. ते एकदा बघायचं आहे. जमिनीच्या आत काय चाललंय हे शिकवणारा भूशास्त्र नावाचा विषय असतो आणि पुण्याच्या त्या कॉलेजात तो आहे, हे मला मार्चपर्यंत माहीत नव्हतं. मी ते कॉलेज नुसतं नावासाठी मागत होते. आता मला ते खरोखर हवं होतं.

तर माझं असं झालं. निकाल सुटला, मला एक्क्याऐंशी टक्के. दुसरी यादी त्र्याऐंशीला थांबली. ते गणित बरोबर आलं असतं तरी भागलं नसतं, मी करून बघितलं. तिसरी यादी लागणार नाही असं कॉलेजने फोनवर सांगितलं. मी दोन दिवस रडले, पांघरूण घेऊन, नीट मन लावून. मग उठले आणि डहाणूलाच बीएस्सीला नाव घातलं. आई अजून माझ्याशी बेताचंच बोलते, पण काल तिने माझ्या आवडीचं बोंबलाचं कालवण केलं, तेव्हा होईल बरं हळूहळू.

हे मी शेवटी का ठेवलं ते आता सांगते. काल चिमणभाऊ ऑफिसात आले आणि तुझा उलटा निरोप आईला दिला. ती रश्मी जाते का पुण्याला? ती जात असंल तर मी जाईन, एकटी नाय जाणार. भाऊंनी आईला विचारलं, काय सांगू तिला? आईने घरी येऊन मला विचारलं. नाही, एवढा एक शब्द त्यांच्या हाती पाठवला असता तर तू तिथेच थांबली असतीस, हे मला पक्कं ठाऊक आहे, म्हणून एवढा कागद खर्च केला. योगिता, मी येत नाहीये. तू जा. गुरुवारपर्यंत तिथे हजर व्हायचं आहे, त्यामुळे बुधवारी निघायला हवं. आई-बाबांनी सांगितलंय की तुझे बाबा आणि तू आदल्या रात्री आमच्याकडे या, सकाळी आम्ही तुम्हाला पुण्याच्या एसटीत बसवून देऊ. गाड्यांच्या आवाजाने झोप लागणार नाही, पण मी जागी राहीन, मला पुष्कळ विचारायचं आहे. तुझं नाव यादीत आहे आणि माझं नाही, याचं मला वाईट वाटतं, ते वाटणार, त्याला आपण दोघी काही करू शकत नाही. पण माझं नाव नाही म्हणून तू गेली नाहीस, तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही, आणि आपण तर आत्ता कुठे बोलायला लागलोय.

तुझीच मैत्रीण,
रश्मी